चिऱ्यावर उतरलेलं हेलिकॉप्टर

आमच्या ह्यांनी घरामागच्या गोठ्यात हेलिकॉप्टर बनवायला घेतलं, तेव्हा आमच्या गोव्यातल्या मये गावाने मला फार धीर दिला. कुणी म्हणालं, पिण्यापेक्षा बरं. कुणी म्हणालं, निदान घरात तरी असतो. शेजारच्या काकींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जातलें गो बाय सगळें सारकें." होईल सगळं नीट, जणू नवऱ्याला कावीळ झाली होती आणि ती औषधाने उतरणार होती.

मी डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवते. माहेर सावंतवाडीचं. लग्न होऊन आले तेव्हा हे खाणीवरची मोठी यंत्रं दुरुस्त करायचे. खाणी बंद पडल्यावर त्यांनी रस्त्याकडेला गॅरेज टाकलं आणि स्कूटरी दुरुस्त करू लागले. घराएवढे ट्रक उघडून जोडलेल्या माणसाला स्कूटरचे प्लग पुसायला लावले की त्याचं डोकं रिकामं राहतं, आणि ह्यांचं डोकं रिकामं राहणं घराला कधीच मानवलेलं नाही.

त्यातच पेडण्याला विमानतळ झाला. पेडणे हे ह्यांचं आजोळ. मामांच्या काजूच्या बागेवरून विमानं उतरायला लागली आणि आम्ही तिकडे गेलो की हे जेवणावरून उठून बागेत जायचे, मान वर करून उभे राहायचे. एका रविवारी मामींनी फणसपोळी वाढली. हे ताटाकडे बघत म्हणाले, "हांव एक करून पळयतां." एक करून बघतो. मला वाटलं, फणसपोळी. मी मनातून खूशही झाले. ते हेलिकॉप्टरबद्दल बोलत होते हे मला परतीच्या वाटेवर कळलं. विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टर अंगणातसुद्धा उतरतं, अशी त्यामागे काटकसर होती.

कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, आपल्या हाताने केलेल्या वस्तूत बसून एकदा जमीन सुटलेली बघायची आहे. कुठे जायचं नाही. सुटली की परत खाली यायचं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. खाणी बंद झाल्यापासून हा माणूस आपल्याला काहीतरी हवं आहे असं पहिल्यांदाच म्हणत होता.

काम एकट्याचं नव्हतं. दुसरे हात पावण्यांचे.

पावणे म्हणजे आमचे भाडेकरू. गडहिंग्लजकडचे, डिचोलीच्या उद्योग वसाहतीत वेल्डर. घरापासून सुटी असलेली आमची एक खोली त्यांनी घेतली होती. ओळख नसलेल्या माणसाला ते 'पावणं' म्हणायचे आणि ओळख झाली की 'राव'. म्हणून आम्ही त्यांनाच पावणे म्हणायला लागलो. राहायला आल्यावर आठवडाभरातच ते मला म्हणाले, "वैनी, हितली माणसं लई आदबशीर. पहिल्या दिवसापासनं मला राव म्हणत्यात. खंय रावता, खंय रावता, असं इचारत्यात."

मी मास्तरीण, मला गप्प कसं बसवेल. सांगितलं, की कोकणीत राव म्हणजे राहा. थांब, असाही अर्थ होतो. ते तुम्ही कुठे राहता हे विचारतायत, मान कुणी दिलेला नाही. त्यांचा चेहरा जरासा पडला, आणि मग स्वतःच खूप हसले.

पुढे गोठ्यात ह्या एका शब्दाने रोज नाटक व्हायचं. पावणे म्हणायचे, "चला राव, उचला," आणि हे हातातली कड सोडून उभे, कारण राव म्हटलं की थांबायची त्यांची जन्मापासूनची सवय. "द्या राव पाना," म्हटलं की पाना तसाच हवेत. उलट हे ओरडायचे, "राव, राव," आणि पावणे "बोला की" म्हणून हातातलं काम आनंदाने पुढे रेटायचे. एकदा साखळीला टांगलेलं इंजिन अशाच बोलण्याबोलण्यात खाली आलं आणि ह्यांच्या चपलेवर बसलं. चपलेत पाय नव्हता. मी बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून शाळेच्या वह्या तपासत असायची, आणि वहीतल्या चुका बऱ्या असं वाटायला लागायचं.

हळूहळू ते नाटक बंद झालं. दोघांना एकमेकांची सवय झाली असणार असं मला वाटलं. झालीही होती. फक्त कुणाला कसली सवय झाली, हे तेव्हा कुणी बोलून दाखवलं नाही.

यंत्र तयार झालं. खूप काही नव्हतं. नळ्यांचा सांगाडा, मोडक्या मिनीबसची एक खुर्ची, तिच्यामागे इंजिन, वर दोन पात्यांचा मोठा पंखा, शेपटीला छोटा, आणि खाली जमिनीवर टेकायला दोन लांब आडवे पाय. आमच्या जनेलांचा, म्हणजे खिडक्यांचा, हिरवा रंग उरला होता, तो त्याला फासला. घराला आणि हेलिकॉप्टरला एकच रंग झाल्यामुळे ते माहेरी आल्यासारखं दिसायचं.

सरकारी परवानगीचं हे आणि सरकार मिळून बघून घेणार होते. घरच्या परवानगीला मी एक अट घातली होती: माझ्या डोक्यापेक्षा वर जायचं नाही. मी उंच नाही. फळ्यावरची पहिली ओळ मी स्टुलावर चढून लिहिते. ह्यांनी अट फारच मनावर घेतली, टेप आणून माझी उंची मोजली आणि चप्पल धरायची की नाही यावर माझ्याशी वाद घातला. चप्पल धरायची असं ठरलं. त्या दिवसापासून माझ्या घरातल्या चपलाही उंच टाचांच्या असाव्यात असं त्यांना वाटायला लागलं.

आधी चाचण्या दोर बांधून झाल्या. गावाबाहेर सडा आहे, सपाट काळ्या कातळाचं माळरान. तिथे टेंपोतून यंत्र न्यायचं, चारी बाजूंनी जांभ्याच्या चिऱ्यांना दोर बांधायचे आणि इंजिन चालू करायचं. ते गुडघाभर उठायचं आणि बसायचं. आमची कोंबडी याहून वर जाते, असं मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस घरात कोंबडीचा विषय काढायची सोय राहिली नाही. पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून ह्यांच्या शिरस्त्राणाखाली कानात मोबाइलची बोंडं आणि दुसऱ्या फोनवर समोर उभे राहिलेले पावणे. खुर्चीतून स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही, तेवढं पावण्यांनी सांगायचं.

मग दोर न बांधता उठायचा दिवस आला. मला मुद्दाम नेलं. मी म्हटलं, मला बसायला खुर्ची घ्या. हे म्हणाले, "कदेल कित्याक? थंय चिरो आसा." सड्यावर गेल्यावर त्यांनी स्वतः एक चांगला चौकोनी चिरा उचलून गवतात ठेवला, वर फडकं अंथरलं आणि मला बसवलं. लग्नात सोडलं तर त्यांनी माझ्यासाठी एवढं आसन कधी मांडलं नव्हतं.

पावण्यांनी वारा बघितला आणि माझ्याकडे आले. "वैनी, हितं नगा बसू. वारा हिकडं ढकलतोय. माझ्यामागं या." मी कुरकुरत उठले. फडकं उचलून घेतलं, कारण ते चांगलं होतं. चिरा तिथेच सुक्या गवतात राहिला.

यंत्र उठलं. गुडघाभर, कंबरभर, आणि मग खरोखर माझ्या उंचीइतकं. मी बघत होते ते पंख्याकडे नव्हे, ह्यांच्या तोंडाकडे. त्यांनी पुढे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं, आणि शिरस्त्राणाच्या काचेतून त्यांचे सगळे दात दिसत होते. तो माणूस मी कितीतरी वर्षांनी बघत होते. मला त्यांचा अभिमान वाटला. डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते पंख्याच्या धुळीने आलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

मग ते उतरायला लागले. पावणे फोनवर बोलत होते, "या राव. सावकाश या राव. बरोबर हाय राव." वाऱ्याने यंत्र हळूहळू बाजूला सरकत होतं, मी आधी बसले होते तिकडे. उजवा पाय नेमका त्या चिऱ्यावर येतोय हे पावण्यांना दिसलं. ते फोनमध्ये जिवाच्या आकांताने ओरडले, "राव. राव. राव."

आणि हे अगदी शांतपणे, सांगितल्यासारखे, खाली आले.

उजवा पाय चिऱ्यावर टेकला, डावा हवेतच राहिला. यंत्र कललं. ह्यांनी दचकून दांडा वर ओढला, त्याने ते सरळ व्हायच्या ऐवजी आणखीच कललं. पंख्याचं पातं कातळावर आपटलं. असा आवाज मी खाणीच्या सुरुंगाचाही ऐकला नव्हता. पात्याचा एक तुकडा आमच्या डोक्यावरून काजूच्या झाडीत गेला, यंत्र कुशीवर पडलं आणि इंजिन खोकत बंद झालं.

मी धावले एवढं आठवतं. कशी धावले ते आठवत नाही. चपला कुठे पडल्या ते कळलं नाही, आणि मनात एकच होतं, की त्या तोंडावरचे दात मला परत दिसायला हवेत. पावणे माझ्या आधी पोचले होते. त्यांनी पेट्रोलची तोटी बंद केली आणि पट्टा कापला. हे खुर्चीत आडवे लटकत होते. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पंखो मोडलो?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मी शाळेत शिकवते.

खांद्याचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना मार होता. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कशावरून पडलात. हे म्हणाले, हेलिकॉप्टर. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी डोक्याचा फोटोही काढून घेतला.

हात गळ्यात बांधून हे घरी आले आणि गावाची करमणूक सुरू झाली. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी उंडे घेऊन आला की सायकलचा पोंपों दोनदा वाजवायचा आणि विचारायचा, "पायलट जागो जालो?" मी नार्व्याला सप्तकोटेश्वराला नारळ ठेवून आले, तर तिथेही ओळखीच्या बायकांनी, कुठून उतरून आलात, असं विचारलं. ह्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना जमीन सुटलेली दिसली होती, आणि ती परत कशी भेटली हा त्यांच्या मते बारीक तपशील होता.

पावण्यांचं मात्र तसं नव्हतं. ते गोठ्याकडे फिरकेनात. कामावरून आले की खोलीचं दार लावून घ्यायचे. एका संध्याकाळी मीच त्यांना बलकांवात बोलावलं, चहा दिला आणि म्हटलं, आता काय ते एकदा होऊन जाऊ दे.

ते खाली बघत म्हणाले, "वैनी, तुमास्नी उठवलं, पण दगड उचलायचा ऱ्हायला. आनि तोंडानं सांगितलं ते बी चुकीचं सांगितलं."

हे म्हणाले, "चूक तुजी न्हय, म्हजी. हांवें आयकलें."

"ऐकलं तर थांबला का न्हाई?"

"तुवें राव म्हणलें म्हूण."

मग तो सगळा गुंता उलगडला. आमच्या ह्यांनी इतक्या दिवसांत मनाशी पक्कं केलं होतं, की पावण्यांच्या तोंडातलं राव म्हणजे काही नाही, ते नुसतं खाकरणं आहे, त्याला थांबायचं नाही. आणि पावण्यांनी त्याच दिवसांत मनाशी पक्कं केलं होतं, की ह्या घरात थांब म्हणायचं तर राव म्हणायचं, आपलं गावाकडचं 'थांबा' ह्यांच्या कानाला लागत नाही. दोघांनी एकमेकांची भाषा मनापासून शिकून घेतली होती. जीव जाण्याच्या वेळेला पावणे ह्यांच्या भाषेत ओरडले, आणि ह्यांनी ते पावण्यांच्या भाषेत ऐकलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. घरात भाषा शिकवणारी मी. निकाल मी द्यायचा होता.

माझं डोकं तोवर तापलं होतं. मी म्हटलं, "दोघंही नापास. आणि पावणे, हे तुमच्याहून वयाने मोठे. मोठ्या माणसाला राव कसं म्हणता? रावात म्हणायचं. थांबा म्हणतो तसं. रावात म्हणाला असतात तर मानही राहिला असता आणि हाडही."

पावण्यांनी मान वर केली. त्यांना राग आला नव्हता, उलट नवीन काही कळल्यासारखं बघत होते. "असं बी असतंय व्हय? मला ठावंच न्हाई वैनी. मला कुणी तसं म्हटलंच न्हाई. सगळी राव म्हणत्यात."

आमच्याकडे तू म्हणण्यात अपमान नसतो, बापालाही तू म्हणतात, हे मला सांगता आलं असतं. पण वसाहतीतल्या साहेबाला आमची माणसं रावात म्हणतात, दवाखान्यात डॉक्टरला म्हणतात, बँकेत म्हणतात. मी स्वतः पावण्यांशी मराठीत बोलायची, थांबा म्हणायची, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं गोव्यात राहून ह्या माणसाच्या कानावर तो शब्द एकदाही पडला नव्हता, मग तो त्यांच्या तोंडात कुठून येणार. ह्यांनी चहाची बशी उगाच उचलली आणि परत ठेवली.

त्यानंतर चार दिवसांनी पावणे खोलीची किल्ली द्यायला आले. गावाकडे एका कारखान्यात काम बघितलंय, आई एकटी आहे, वगैरे. आई आधीही एकटीच होती. मी तसं म्हटलं, तेव्हा खरं ते बोलले. "वैनी, माझ्या तोंडानं मानूस मेला असता. मला गोठा बघवत न्हाई."

मला वाटलं हे आता काहीतरी म्हणतील. पंख्याचं पातं कसं फिरतं यावर अर्धी रात्र बोलणारा माणूस. पण ते जनेलातून बाहेर बघत राहिले आणि म्हणाले, सावंतवाडीची बस दुपारची बरी, तिथून पुढे गडहिंग्लजची मिळते. मला इतका संताप आला, की मी संध्याकाळी त्यांना मुद्दाम खारट आमटी वाढली. ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली, तेव्हा कळलं की आतून बरंच काही मोडलं आहे. यंत्र गेलं त्याचं ह्यांना दुःख नव्हतं. खाणीवरचे सोबती पांगल्यापासून त्यांना मित्र म्हणून हा एकच माणूस होता, आणि त्याला जाऊ नको म्हणायला ह्यांच्याजवळ शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बसस्टँडवर पोचवायला आम्ही गेलो. मी स्कूटर चालवत होते, मागे हे एका हाताने धरून बसलेले. सगळ्या वाटेत खड्ड्यांबद्दल सूचना देत होते, एवढाच त्यांचा बोलण्याचा भाग. पावणे आधीच येऊन थांबले होते, एक ट्रंक आणि एक पिशवी घेऊन.

बस आली. ट्रंक कंडक्टरने मागे ठेवली. पावणे माझ्या पाया पडायला वाकले, मी त्यांना मध्येच धरलं. ह्यांना म्हणाले, "येतो राव. खांदा जपा." हे बसच्या चाकाकडे बघत होते. "हाचो टायर गेलो," असं त्यांनी चाकाला सांगितलं.

मला तेव्हा ह्यांना त्या चाकाखाली ढकलावंसं वाटत होतं.

पावणे दाराच्या पायरीवर चढले. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. कंडक्टर म्हणाला, "वचूंया," म्हणजे जाऊ या. आणि आमचे हे एकदम पुढे झाले, चांगल्या हाताने दाराचा दांडा धरला आणि वर बघून म्हणाले, "रावात."

हळू म्हणाले. इंजिनाच्या आवाजात मलाही जेमतेम ऐकू आलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना माझ्या वडिलांखेरीज कुणाला हा शब्द वापरताना ऐकलं नव्हतं. पावणे पायरीवर तसेच उभे राहिले. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

कंडक्टरने विचारलं, "चडटा काय देंवता?" चढतोस की उतरतोस, एवढंच त्याला हवं होतं, गाडीला उशीर होत होता.

"देंवतां," पावणे म्हणाले, आणि मग ह्यांच्याकडे बघून, "ह्या टायमाला बरोबर ऐकू आलं, राव."

मग त्यांनी पायरीवरून खाली एकदा नीट बघून घेतलं, आणि उतरले.